जिन्यातला दिवा लावला की आरसीसीबी पडायची : माझा अनुभव

आरसीसीबी (करंट कुठे गळाला की पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) सारखी पडते, म्हणजे आपोआप बंद होते, म्हणून काढून टाकली आणि तिच्याशिवाय वायर डायरेक्ट जोडून घेतली, अशी घरं माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. मलाही तोच सल्ला मिळाला, आणि तो एकट्यादुकट्याने दिला नाही. तो मी मानला नाही याचं आज फार समाधान आहे. पण तो देणाऱ्यांचा रागही अजून गेलेला नाही.

आमचं घर सांगलीत, गावभागात. खाली स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, वर माडी. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फूट ओलांडले (तिथे धोका पातळी ४५ फूट धरतात), तेव्हा खालचे सगळे बोर्ड पाण्यात गेले. ते सुकवून, पुसून कसेबसे चालवले. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा ठरवलं की आता वायरिंगच नवं करायचं. मेन वायर सरळ माडीवर नेली, डीबी (घरभर वीज वाटणारी पेटी) तिथे बसवला आणि खालच्या-वरच्या मजल्याला वेगवेगळी आरसीसीबी घेतली. पाणी दारात यायच्या आत खालचा मजला बंद करता यावा, आणि पूर ओसरल्यावर खालच्या भिंती वाळेपर्यंत निदान वर तरी दिवा-पंखा चालावा, हा त्यामागचा विचार.

भिंती फोडणं, पाइप टाकणं, वायरी ओढणं, न्हाणीघराची नळजोडणी हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते काम संपल्यावर.

दिवसभर सगळं ठीक चालायचं. संध्याकाळी मात्र खाडकन आरसीसीबी पडायची. कधी वरची, कधी खालची, कधी दोन्ही एकदम. काम केलेला वायरमन आला, म्हणाला, "पीसच खराब आहे ताई, बदलून आणा." बदलला. तरी तेच. दुसरा म्हणाला पुरातल्या भिंती आहेत, ओल आहे, उन्हाळ्यापर्यंत थांबा. ते पटण्यासारखं होतं, म्हणून थांबलो. उन्हाळा आला, भिंती खडखडीत वाळल्या, आरसीसीबी पडायची ती पडतच राहिली. तिसऱ्याने तर डीबीचं झाकण उघडलं, दोन एमसीबी (जास्त करंट गेला की बंद होणारे स्विच) खालीवर केल्या आणि म्हणाला, "काढून टाकू, डायरेक्ट देतो. पाच मिनिटांचं काम. सगळेच असं करतात."

मी त्याला चहा दिला आणि परत पाठवला. घरात लहान मुलं आहेत, न्हाणीघरात गीझर आहे, खाली मोटर आहे. जाणारा करंट आणि परत येणारा करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ही वस्तू सेकंदाच्या एक तृतीयांशाच्या आत पुरवठा तोडते. अंगातून करंट जाऊ लागला की माणसाला वाचवते ती हीच. एमसीबी ते करू शकत नाही. ती वायर तापू नये म्हणून असते, माणसासाठी नाही. नेमकी जीव वाचवणारी वस्तू काढायला सांगायची, का तर दोष शोधायचा कंटाळा!

मग मी डीबीच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवला. पडली की वेळ, कुठली पडली आणि घरात काय चालू होतं ते लिहायचं. आठवडाभराने तो कागद वाचला तर सगळ्या वेळा तिन्हीसांजेनंतरच्या. फ्रिज, मोटर, गीझर यांचा काही संबंध दिसेना. तेव्हा एका संध्याकाळी एकेक दिवा लावत गेले. जिन्याचं बटण दाबलं, वर खाडकन आवाज झाला आणि स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर थांबली. जिन्यातला बल्ब काढून ठेवला आणि तेच बटण पुन्हा दाबलं, तर काही नाही.

गल्लीत एक निवृत्त वायरमन काका राहतात. त्यांना बोलावलं. मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून त्यांनी जिन्याच्या तळाचा बोर्ड उघडला. नव्या वायरींच्या गर्दीत एक जुनी, कडक झालेली काळी वायर होती, टोकाला पुराचा गाळ अजून चिकटलेला. जिन्याचा पाइप स्लॅबमध्ये असल्यामुळे तेवढं वायरिंग जुनंच ठेवलं होतं, आणि ते कुणी मला सांगितलं नव्हतं. टू-वेच्या (खालून-वरून दोन्हीकडून लागणाऱ्या) त्या दिव्याला फेज (करंट आणणारी वायर) माडीवरून यायचा आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी काळी वायर) खालच्या मजल्याचा जोडलेला होता.

काकांनी हिशेब मांडून दाखवला. ९ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण ४० मिलिअँपिअर घेतो. ते वरच्या आरसीसीबीतून जातात आणि परत येतात खालच्या आरसीसीबीतून. म्हणजे एकीच्या वहीत खर्च आणि दुसरीच्या वहीत जमा. दोघींचाही ताळा चुकतो, जिचा हात आधी सुटेल ती पडते. जुन्या घरात आरसीसीबीच नव्हती, म्हणून हा दोष वर्षानुवर्षं गप्प बसून होता.

मला जास्त हादरवलं ते त्यांच्या पुढच्या वाक्याने. डायरेक्ट केलं असतं आणि पूर आला म्हणून खालचा मजला फेज-न्यूट्रलसकट बंद केला असता, तरी जिन्याचं बटण चालू असेल तर वरचा करंट त्या बल्बमधून खालच्या काळ्या वायरींत उतरला असता. बंद समजून कुणीतरी हात लावला असता.

उपाय सोपा निघाला. जिन्याच्या दिव्याला वरच्या डीबीतून स्वतंत्र न्यूट्रल ओढला आणि जुनी काळी वायर दोन्हीकडून तोडून टोकं बंद केली. पाइपात वायर सरकेना म्हणून केसिंग पट्टीतून नेली. दिसायला बरी नाही, पण मला तिचं काही वाटत नाही.

तुमच्याकडे असं होत असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळ्या एमसीबी पाडल्या तरी आरसीसीबी टिकत नाही, म्हणजे तीच खराब आहे, असं कुणी म्हणालं तर लगेच मानू नका. साधी एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो कुठे अर्थिंगला टेकला असेल तर आरसीसीबी तरीही पडू शकते. अशा वेळी मेन बंद करून वायरमनला न्यूट्रल लिंकवरून (सगळे न्यूट्रल जिथे एकत्र जोडतात ती पट्टी) एकेक काळी वायर सोडवून तपासायला सांगा. मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) असलेला माणूस मिळाला तर उत्तम. फक्त गीझर लावल्यावर पडत असेल तर बहुतेक वेळा त्याची कॉइल गेलेली असते.

नळजोडणीचं राहिलंच. भिंतीतले पाइप बुजवायच्या आधी पाणी दाबाने भरून रात्रभर ठेवायला लावा, गरम पाण्याला सीपीव्हीसीच (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिक पाइप) घ्या, आणि प्लॅस्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मापाचा टेप लावून फोटो काढा. तेच वायरिंगलाही. माझ्याकडे जिन्याचा फोटो असता तर ती जुनी वायर पहिल्याच दिवशी दिसली असती.

आणि आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर ती बदलायला झाली.

इन्व्हर्टर बसवताना हाच दोष पुन्हा शिरतो, कारण बसवणारा माणूस इन्व्हर्टरचा न्यूट्रल जवळच्या कुठल्याही काळ्या वायरीला जोडून मोकळा होतो. आमच्याकडे तो बसवायला आले तेव्हा मी डीबीपाशी उभी राहिले, आणि इन्व्हर्टरवरच्या दिव्या-पंख्यांचा न्यूट्रल वेगळा ओढून झाल्यावरच पैसे दिले.