मूड जागेवर असताना

वाचनालयातलं 'मनावर ताबा' छापाचं कुठलंही पुस्तक उघडून बघा. सुरुवातीच्या पानांवर पेन्सिलीच्या रेघाच रेघा. समासात 'अगदी खरं!' आणि एका ठिकाणी तर नुसतंच 'सासूबाई', तेही दोनदा अधोरेखित. पुढे रेघा विरळ होत जातात, चौथ्या प्रकरणानंतर पानं कोरी करकरीत. शेवटची पानं तर नखानं सोडवावी लागतात. आणि पुस्तकातली खरी कामाची गोष्ट नेमकी तिथेच असते: एक रिकामा तक्ता.

यात वाचकांचा आळस असेलही, पण मुळात अडचण या पुस्तकांचीच आहे. ती विकत घेतली जातात मूड बरा असताना. मूड गेला की दोन ओळी डोक्यात शिरत नाहीत, वर 'सकारात्मक राहा' वाचून तिडीक जाते ती वेगळीच. आणि मूड फारच चढलेला असेल, रात्री दोन वाजता माळा आवरायला काढावा इतका, तर वाचतंय कोण! पुस्तक घेणारी बाई आणि पुस्तकाची गरज असणारी बाई राहतात एकाच घरात, पण त्यांची गाठ काही पडत नाही.

रामदासांच्या मनाच्या श्लोकांना ही अडचण येत नाही. २०५ श्लोक, 'सज्जना' म्हणून मनाला गोंजारणारे आणि मग चांगलं फैलावर घेणारे. भुजंगप्रयाताची चाल अशी की ते पाठच होऊन जातात. आजी भाजी निवडता निवडता पुटपुटायची, तिला चष्माही शोधावा लागत नसे.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते, की घटना आणि भावना यांच्या मधे आपला समज बसलेला असतो. मैत्रिणीनं मेसेज वाचला, उत्तर दिलं नाही. घटना एवढीच. 'मी तिला नकोशी झालेय' ही आपण घातलेली भर, आणि रडू येतं ते या भरीमुळे. पटतं. फक्त रडू आलेलं असताना सुचत नाही.

म्हणून तो तक्ता. रोज रात्री ठरल्या वेळी मूडला उणे पाच ते अधिक पाच यातला एक आकडा द्यायचा. शेजारी झोप किती तास, पाळीचा कितवा दिवस, गोळी घेतली का. महाकंटाळवाणं काम. पण आठवणीवर विसंबण्यात अर्थ नाही, ती पक्की लबाड असते: आज वाईट असेल तर अख्खा महिनाच वाईट गेला म्हणून सांगते. पाळीआधी मूड फार बिघडत असेल, तर पक्क्या निदानासाठी डॉक्टर किमान दोन पाळीचक्रांची रोजची नोंद मागतात, ती उगीच नाही. झोपेचा रकाना तर मला सर्वांत चोख वाटतो. झोप कमी, तरी थकवा नाही, उलट अंगात वारं शिरल्यासारखं, असं सलग चार दिवस चाललं तर पुस्तक मिटून डॉक्टरांकडे जावं. बायपोलर आजारात, म्हणजे मूड कधी फार चढतो तर कधी पार खचतो त्या आजारात, चढाची चाहूल अशीच लागते. तिथे औषध लागतं, सुविचार नाही.

मूड जागेवर असताना मी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय, दुसऱ्या बाईसाठी. 'आधी जेव. मग आंघोळ. नोकरी आज सोडायची नाही. भावाला आज फोन नको. अगदीच असह्य झालं तर १४४१६, टेली-मानस हेल्पलाइन, रात्रीसुद्धा.' खाली लेकीनं स्वतःच्या अक्षरात भर घातलीय: 'ऑनलाइन साड्या बघायच्या नाहीत.' हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.