काळा मागवला, काळाच आला

दुभाष्याच्या धंद्यात चहा म्हणजे सौद्याआधी घशाखाली उतरवायचं गरम पाणी, एवढीच माझी समजूत होती. मी चीनमधल्या क्वांगचौमध्ये राहते आणि आपल्याकडच्या व्यापाऱ्यांसाठी बोलते. फरश्या, कुलपं, पाउच भरायची मशिनं. अर्धा दिवस भाव पाडण्यात जातो, अर्धा शाकाहारी जेवण शोधण्यात. माझे काही व्यवसायबंधू दुकानदाराकडूनही गुपचूप टक्का घेतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, ‘याहून खाली येत नाहीत’. मी घेत नाही. त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

सोलापूरचे काका मशिनसाठी आले होते. घरचा धंदा चहापत्तीचा, आजोबांपासूनचा. शेवटच्या दिवशी म्हणाले, “ताई, इथला ब्लॅक टी बघू या की. पुण्यातल्या हॉटेलवाल्यांना दाखवतो.” रात्रीच मी फांगत्सुनच्या घाऊक चहाबाजारातल्या एका दुकानाला मोबाइलवर निरोप धाडला: काळा चहा, उत्तम प्रतीचा, नमुने काढून ठेवा. काळा म्हणजे हेइ, चहा म्हणजे छा. हेइ छा. यात चुकायला आहे काय?

सकाळी मालकीणबाईंनी समोर वीट ठेवली. दाबून घट्ट केलेल्या चहाची. टोच्या खुपसून त्यांनी ती उकलली, तर पानांच्या थरांत खसखशीएवढे पिवळे दाणे. त्यांचा चेहरा खुलला. सोनेरी फुलं म्हणतात याला, जितकी दाट तितका माल भारी.

काका ताडकन उठले. “बुरशी लागलेला माल दाखवते ही? आपल्याला काय येडं समजते?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, तिची ऐकण्यात चूक झाली.”

चूक तिची नव्हती. आपण ज्याला ब्लॅक टी म्हणतो त्याला चिनी माणूस लाल म्हणतो, होंग छा. कपातला रंग बघून. हेइ छा म्हणजे खरोखरचा काळा, तो निराळाच वर्ग. फू वीट हा त्यातलाच प्रकार, हूनान प्रांतात होणारा, आणि ते पिवळे दाणे बुरशीचेच. वाफवून दाबलेली वीट उबदार दमट खोलीत ठेवून ती मुद्दाम उगवू देतात. मी सहा वर्षं चिनी शिकले. रंगांची नावं पहिल्या महिन्यात पाठ झाली होती. चहाच्या बाबतीत ती कामाची नाहीत, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं.

मी ‘होंग छा’ म्हणताच मालकीणबाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मुकाट्याने दुसरे डबे काढले. मग काकाच खुलले. धंद्यातला माणूस, शंका विचारायला लागला की थांबत नाही. मी पुन्हा अडकले. बाई म्हणतात फाच्याओ, म्हणजे आंबवणं. काका म्हणाले, “इडलीच्या पिठागत?” विचारून सांगितलं: लाल चहात तसं नाही. पानं सुकवून मळली की पेशी फुटतात आणि हवा लागून रंग चढतो, चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं तसा. हिरव्यात तेच होऊ नये म्हणून पान आधीच तापल्या कढईत परततात. पांढरा नुसता सुकवायचा, मळायचा नाही. पिवळा परतून ओलसर असतानाच गुंडाळून ठेवायचा. सूक्ष्मजीवांचं आंबवणं फक्त काळ्यात. शब्द मात्र दोन्हीकडे एकच. इतक्या बारकाईने चहा जपणाऱ्या लोकांनी शब्दांत असली कंजुषी का करावी, देव जाणे.

ऊलोंग हा हिरव्या आणि लाल चहाच्या मधला, रंग अर्धवट चढवलेला. बाई छाओचौकडच्या, फंगह्वांग डोंगराच्या. त्यांनी ताट मांडीवर घेऊन हातांनीच दाखवलं: पानं दोन्ही हातांनी उचलायची, हलकेच सोडायची, मग विसावू द्यायची. रात्रभर, दर दीड-दोन तासांनी. कडा ठेचतात, तिथे लाली येते. मधलं पान हिरवं राहतं. वास हवा तसा आला की कढईत. तो क्षण घड्याळात नसतो, नाकात असतो, म्हणाल्या. प्याल्यातलं भिजलेलं पान उलगडून त्यांनी काकांच्या तळहातावर ठेवलं.

“अरे, हे तर इरकल! हिरवं लुगडं, तांबडे काठ.” 

हे मला चिनीत सांगता आलं नाही. “नक्षी सुंदर आहे, म्हणतात,” इतकंच सांगितलं.

नंतर वाचलं की ही सहा वर्गांची मांडणी प्राध्यापक छन च्वान यांनी 1979 साली शास्त्रशुद्ध केली, आणि 2023 मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानकातही आली. रंगावर नव्हे, पानावर काय केलं यावर. आदल्या रात्री वाचायला दहा मिनिटं लागली असती.

काकांनी लाल चहाचे आणि ऊलोंगचे नमुने घेतले. वीट टेबलावर तशीच, फोडलेली. फोडलेल्या विटेचे पैसे देऊ का, असं विचारायचं माझ्या मनात आलं होतं. विचारलं नाही. विचारलं असतं तर का ते काकांना सांगावं लागलं असतं.

निघताना बाईंनी मला बाजूला घेतलं आणि मोबाइल पुढे केला. माझाच निरोप. “तू काळाच लिहिला होतास,” त्या हळूच म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

“काय म्हणते?” काकांनी दारातून विचारलं.

“पुन्हा या म्हणतात,” मी सांगितलं.