सोफ्यावरून चालणारा कीबोर्ड

आमच्या हॉलमधल्या टीव्हीला छोटा कॉम्प्युटर जोडलाय; आई त्यावर कीर्तनं लावते. सोफा चांगला बारा-तेरा फुटांवर. म्हणून लॉजिटेकचा के४०० प्लस हा वायरलेस कीबोर्ड घेतला: टचपॅड त्यातच, दोन पेन्सिल सेल, पल्ला १० मीटर.

खरी मेख रिसीव्हरच्या, म्हणजे कीबोर्डचा सिग्नल पकडणाऱ्या छोट्या यूएसबी तुकड्याच्या, जागेत असते. टीव्हीमागच्या यूएसबी ३.० पोर्टात तो खोचला की अक्षरं गळू शकतात, कारण त्या पोर्टचा रेडिओ गोंगाट कीबोर्ड वापरतो त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलनं २०१२ मध्येच हे मोजून दाखवलंय. साधी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि रिसीव्हर टीव्हीच्या पुढे, सोफ्यावरून दिसेल असा ठेवा.

ब्लूटूथवाला मात्र मी या कामाला घेणार नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जच्या पडद्यावर) तो बहुधा चालत नाही, आणि कॉम्प्युटर अडला की गरज तिथेच पडते.