नॉर्विचच्या पुरस्कार सोहळ्यात एक कोल्हापूरकर

इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉर्विच हे शहर लंडनहून रेल्वेने साधारण दोन तासांच्या अंतरावर आहे. नोकरीनिमित्त मी तेथे राहायला गेलो, तेव्हा त्याच्याविषयी मला एवढेच ठाऊक होते की १९९३ साली नॉर्विच सिटी या तिथल्या फुटबॉल क्लबने जर्मनीच्या बायर्न म्युनिकला म्युनिकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर २-१ असे हरवले होते. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत फुटबॉल पाहत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला एखाद्या गावाशी नाते जोडायला एवढी माहिती पुरते. यंदाचा हंगाम संपल्यावर क्लबच्या पुरस्कार सोहळ्याला आणि त्यानिमित्तच्या भोजनाला जाण्याचा योग आला, आणि सुटीवर कोल्हापुरात आल्यापासून, स्वतःचा फुटबॉल संघ असलेल्या आमच्या तालमीच्या कट्ट्यावर त्या रात्रीविषयी इतके प्रश्न विचारले गेले की सगळे एकदा सविस्तर लिहून काढावे असे वाटले.

सोहळा कॅरो रोड या मैदानाच्याच एका सभागृहात होता. मोहरीसाठी प्रसिद्ध असलेल्या कोलमन कंपनीकडून भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेवर १९३५ साली हे मैदान अवघ्या ८२ दिवसांत उभे राहिले. टेबलांवरचे कापड पिवळे आणि हातरुमाल हिरवे, म्हणजे क्लबच्याच रंगांचे होते. संघाला ‘कॅनरी’ म्हणतात, कारण सोळाव्या शतकात नेदरलँड्सच्या भागातून आश्रयाला आलेल्या विणकरांनी हे पिवळे पक्षी आपल्याबरोबर आणले आणि पुढे ते पाळण्याचा नाद साऱ्या शहराला लागला. इचलकरंजी शेजारी असलेल्या आपल्यासारख्यांना विणकरांच्या गावाची ही हकिकत परकी वाटत नाही.

जेवणाविषयी फार लिहीत नाही; कोंबडी, भाजलेले बटाटे आणि शेवटी गोड असा बेत होता. सांगण्यासारखी गोष्ट बैठकीची आहे. खेळाडूंसाठी वेगळे व्यासपीठ नव्हते. ते आम्हा समर्थकांमध्येच विखरून बसले होते, महिला संघाच्या मुलीही त्यांच्यातच होत्या आणि मैदानाची हिरवळ राखणाऱ्या माणसांनाही तितक्याच मानाने बसवले होते. हे ऐकल्यावर तालमीतल्या एका थोरल्या काकांनी मला थांबवूनच विचारले, “खेळाडू पब्लिकसंगं जेवाय बसत्यात व्हय?” बसतात, आणि नुसते बसत नाहीत, ऐकूनही घेतात. माझ्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. आमच्या टेबलावरच्या तरुण बचावपटूला त्यांनी सूप येण्याच्या आधीच सांगितले की, चेंडू तुझ्या डाव्या पायावर आला की तू तो एक क्षण जास्त अडवून ठेवतोस आणि तेवढ्यात पुढचा खेळाडू अंगावर येतो. तो मुलगा खुर्ची त्यांच्याकडे वळवून बसला, पुढ्यातला काटा आणि चमचा यांना खेळाडू करून त्याने त्या वेळी आपल्याला काय दिसत असते ते दाखवले, आणि आजींनी त्यातला चमचा उचलून दोन बोटे अलीकडे ठेवला. आपल्याकडे सामना संपल्यावर गॅलरीतून उतरताना जी चर्चा होते, तीच ही चर्चा होती. फरक एवढाच की ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर बसलेला होता.

छोटे पुरस्कार आधी झाले. सगळ्यांचे लक्ष अर्थातच बॅरी बटलर स्मृतिचषकाकडे होते. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा हा मान समर्थकांच्या मतांवर ठरतो, आणि मला त्या रात्रीचे खरे मोल यातच दिसले. बॅरी बटलर हा नॉर्विचचा बचावपटू. १९५९ साली तिसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या नॉर्विचने मँचेस्टर युनायटेडला ३-० असे हरवून एफए कप या इंग्लंडच्या बाद स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत धडक मारली, त्या संघात तो होता, पुढे तो कर्णधार झाला आणि एप्रिल १९६६ मध्ये मोटार अपघातात गेला. पुढच्याच वर्षापासून त्याच्या नावाने हा चषक दिला जाऊ लागला. १९६७ साली त्याचा पहिला मानकरी ठरला त्याचाच सहकारी टेरी ऑलकॉक. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल करणारा मार्टिन पीटर्स तो दोनदा जिंकला, ग्रँट होल्टने २०१० पासून सलग तीन वर्षे जिंकला, आणि अलीकडे जेम्स मॅडिसन व फिनलंडचा टीमू पुक्की यांचीही नावे त्या यादीत लागली. आजींनी बटलरला खेळताना पाहिलेले होते. चषक टेबलांमधून पुढे नेला जात असताना त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचे पाहून आमचे सगळे टेबल उभे राहिले.

हे सगळे कौतुकाने लिहितो आहे, पण त्यामागे एक हेतूही आहे. कोल्हापूरला खेळाडूंची वाण नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. समर्थकांचीही वाण नाही. शिवाजी तरुण मंडळ, पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या आपल्या फुटबॉल संघांसाठी भर उन्हात गॅलरी भरवणाऱ्या माणसांची निष्ठा नॉर्विचच्या माणसांपेक्षा तसूभरही कमी नाही, आणि नॉर्विच आणि शेजारच्या इप्सविच यांच्या सामन्याची तिथली धग पाहताना मला आपल्या पेठांमधल्या चुरशीचीच आठवण येते. आपल्याकडे स्पर्धेगणिक बक्षिसे दिली जातात, पण ती संयोजक देतात. वर्षभर संघामागे फिरणाऱ्या माणसाला, आपल्या संघातला यंदाचा सर्वोत्तम खेळाडू कोण, हे मत देऊन ठरवता आले पाहिजे, आणि त्या मानाला तालमीसाठी झिजलेल्या एखाद्या जुन्या खेळाडूचे नाव असले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. त्याला मोठ्या सभागृहाची किंवा पैशाची गरज नाही. तालमीत पंगत बसते, तांबडा-पांढरा आपल्या हातचा असतो, आणि खेळाडू, समर्थक, बूट-चेंडू सांभाळणारी पोरे एका ओळीत बसली की सोहळा झाला.

कट्ट्यावर हा विषय काढला तेव्हा मतपेटी तालमीतच ठेवावी, नाव आणि पेठ लिहूनच मत घ्यावे, आणि मोजणी दोन जुन्या खेळाडूंनी सगळ्यांसमोर करावी, इथपर्यंत अर्ध्या तासात ठरले. चषकाला नाव कोणाचे द्यायचे यावर मात्र चार जणांनी चार नावे सुचवली. प्रत्येकाने आपल्या माणसाचे गोल आणि साल यांसह दाखले दिले, आणि पुढच्या रविवारी जुने फोटो घेऊन पुन्हा बसायचे ठरवून मंडळी उठली.