तुम्ही विचारलंत म्हणून: सात-शून्य-सात आणि आपला सदतीस

घाटकोपरला आमच्या गच्चीवरून मुंबईत उतरणारी विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. मी गच्चीवर दिसले की कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, सगळी बोइंगं सातानं सुरू होऊन सातानंच का संपतात? आणि एअरबसला तिनाचं काय?" मी एकतीस वर्षं विमानांच्या टेक्निकल रेकॉर्ड्समध्ये काढली. कुठल्या विमानाला कुठला भाग कधी बसवला, कुठली तपासणी कधी झाली, याचे कागद सांभाळायचे हे माझं काम. त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतो, ते बरोबरच आहे. गच्चीवर दोन मिनिटांत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते. इंजिनिअरिंगची मुलं छातीठोकपणे सांगतात की ४५ अंशांचा साइन ०.७०७ येतो, ७०७चे पंख तेवढे मागे वळलेले होते, म्हणून तो आकडा. ऐकायला छान वाटतं, पण खरं नाही. ७०७चे पंख ३५ अंशांनी मागे वळलेले होते आणि ३५ अंशांचा साइन ०.५७४ येतो.

खरी गोष्ट ड्रॉइंग ऑफिसातली आहे. बोइंगमध्ये प्रत्येक नव्या आराखड्याला पुढचा क्रमांक मिळायचा. २४७, ३०७, ३१४, ३७७ ही सगळी त्याच रांगेतली विमानं. दुसरं महायुद्ध संपलं, लष्कराच्या ऑर्डरी आटल्या आणि कंपनीचे अध्यक्ष विल्यम ॲलन यांनी नव्या धंद्यांत उतरायचं ठरवलं. तेव्हा इंजिनिअरिंग विभागानं आकड्यांचे शंभर-शंभरचे गट पाडले. ३०० आणि ४०० विमानांसाठी राहिले, ५०० टर्बाइन इंजिनांना, ६०० रॉकेट आणि क्षेपणास्त्रांना आणि ७०० जेट प्रवासी विमानांना. म्हणजे सातशे हा नुसता एक कप्पा होता. पहिल्या जेटचं नाव हिशेबानं 'मॉडेल ७००' व्हायला हवं होतं, पण विक्री विभागाला ते बोलायला सपक वाटलं. सात-शून्य-सात म्हटलं की जिभेवर ठेका बसतो, म्हणून ७०७. एवढंच.

हे सांगितलं की लोकांचा थोडा हिरमोड होतो. मग मी त्यांना सातबाऱ्याची आठवण करून देते. आपल्याकडे जमिनीसाठी पिढ्यान् पिढ्या भांडणं झाली, माणसं आयुष्यभर तलाठ्याच्या दारात उभी राहिली, ज्या कागदापायी हे सगळं झालं त्याचं नाव कशावरून पडलं? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. कचेरीतल्या दोन फॉर्मचे नंबर! तरी 'सातबारा' म्हटलं की पोटात जे हलतं ते नंबरामुळे नाही, त्याच्यामागे उभ्या असलेल्या जमिनीमुळे. ७०७चंही तसंच आहे.

त्याच विमानाच्या आधीच्या नमुन्याचा नंबर तर मुद्दाम फसवा ठेवला होता. १५ जुलै १९५४ला जे विमान पहिल्यांदा उडालं त्याचं कागदावरचं नाव ३६७-८०. ३६७ म्हणजे बोइंगचंच पंखेवालं जुनं मालवाहू विमान. प्रतिस्पर्ध्यांना वाटावं की जुन्याच विमानात काही दुरुस्त्या चालल्या आहेत, म्हणून नव्या जेटला जुन्या नंबराची शाल पांघरली. कंपनीतली माणसं त्याला 'डॅश एटी' म्हणत.

पुढे ७२७, ७३७, ७४७ ही रांग लागली. मधलं ७१७ कुठे गेलं, हा हमखास येणारा पुढचा प्रश्न. तो नंबर अमेरिकन हवाई दलाच्या केसी-१३५ या इंधनवाहू विमानाला आतल्या हिशेबात देऊन झाला होता. १९९७मध्ये बोइंगनं मॅकडॉनेल डग्लस कंपनी घेतली, तिचं एमडी-९५ हे विमान पदरात आलं, तेव्हा १९९८मध्ये त्याला ७१७ म्हणून बाशिंग बांधलं. म्हणून ते रांगेत दुसरं आणि वयानं मात्र ७७७पेक्षा धाकटं. एक ७२०ही होतं. तो ७०७चाच छोटा भाऊ, बाजारात नवा वाटावा म्हणून वेगळा नंबर दिलेला. ७८७चं नाव २००५पर्यंत ७ई७ होतं.

पण मला विचाराल तर हे पुढचे तीन आकडे म्हणजे नुसती दारावरची पाटी. घर कुणाचं ते डॅशच्या पुढे कळतं.

माझे वडील एअर इंडियाच्या हँगरमध्ये फिटर होते. १९७१ साली पहिलं जंबो, 'एम्परर अशोक', सांताक्रूझला आलं आणि पुढे एका रविवारी त्यांनी मला ते जवळून दाखवलं. मी दहा वर्षांची. खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके बघत मी उभी होते, तर ते मला शिडीवरून दारापाशी घेऊन गेले आणि चौकटीजवळची छोटी धातूची पट्टी दाखवली. त्यावर ठोकलेली अक्षरं मला वाचायला लावली: ७४७-२३७बी. "यातला दोन म्हणजे दोनशे मालिका," ते म्हणाले, "आणि सदतीस म्हणजे आपण."

बोइंगची पद्धत अशी होती की ज्या कंपनीनं कारखान्याकडून थेट विमान घ्यायचं, तिला दोन अक्षरांची कायमची खूण मिळायची. पॅन ॲम २१, युनायटेड २२, अमेरिकन २३, लुफ्थान्सा ३०, ब्रिटिशांची बीओएसी ३६, एअर इंडिया ३७, क्वांटास ३८. दोन आकडी खुणा संपल्यावर अक्षरं मिसळली, म्हणून इंडियन एअरलाइन्सच्या ७३७ला ए८ आणि जेट एअरवेजच्या ७३७ला ५आर. एअर इंडियानं १९६०मध्ये घेतलेली पहिली ७०७ विमानं ७०७-४३७ होती. इथे चारशे म्हणजे तीनशेच्या नंतरची सुधारलेली आवृत्ती असं समजू नका. तीनशेचंच विमान, पण रोल्स-रॉइसची कॉनवे इंजिनं लावलेलं, ते चारशे. १९६६च्या जानेवारीत 'कांचनजंगा' माँ ब्लाँवर आदळलं आणि डॉ. होमी भाभा गेले, तेही ७०७-४३७च. आणि 'एम्परर अशोक' १ जानेवारी १९७८च्या रात्री वांद्र्यासमोरच्या समुद्रात गेलं. त्या रात्री वडील घरी होते. विमानाचं नाव त्यांच्या तोंडून आलं नाही, 'दोनशे सदतीस' एवढंच दोनदा म्हणाले.

ही खूण विमानाला जन्मभर चिकटते. विकलं, रंग बदलला, देश बदलला, शेपटीवरची अक्षरं बदलली, तरी डॅशपुढचा आकडा बदलत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईच्या शाळेच्या दाखल्यावर जसं माहेरचं नाव राहतं, तसं.

आणि ही नुसती मानाची गोष्ट नाही. माझ्याच हातून झालेली चूक सांगते. मी तेव्हा एका खासगी कंपनीत होते. आमची स्वतःची ७३७ होती आणि एक भाड्यानं आणलेलं ७३७ होतं. मालिका एकच, रंग एकच, शेजारी उभी केली तर ओळखू येऊ नयेत अशी. एका रात्री भाड्याच्या विमानाच्या पँट्रीत वीज येईना. टेक्निशियननं वायरिंगचा नकाशा मागितला, मी कपाटातून ७३७चा नकाशा काढून दिला. रात्री एक वाजता तो परत आला. "मॅडम, या नंबरची वायर तिथे नाहीच आहे." मला पटेना. टॉर्च घेऊन मी स्वतः विमानात चढले आणि दारापाशी पट्टीवर उजेड पाडला. ७३७-२ बरोबर होतं, पुढची दोन अक्षरं वेगळी होती. ते विमान दुसऱ्या कुणासाठी बांधलं गेलं होतं, त्यांनी स्वयंपाकाची मांडणी वेगळी मागितली होती, म्हणून वायरी वेगळ्या वाटेनं गेल्या होत्या. त्यांचे नकाशे वेगळ्या खोक्यात होते. सकाळचं उड्डाण तीन तास उशिरा सुटलं. वडिलांनी दहाव्या वर्षी शिकवलेली गोष्ट मी त्या रात्री खरी शिकले. त्यानंतर मी कुणालाही नुसतं 'सातशे सदतीस' म्हणू दिलं नाही. "पुढचं वाच," म्हणायचे.

एअरबसचं घराणं वेगळं. ए ३००मधला ३०० हा खराखुरा आकडा होता: तीनशे प्रवाशांचं विमान करायचं असा बेत होता. पुढे ते सुमारे अडीचशेवर आणलं आणि ए ३००बी केलं, पण तीनशे तसाच राहिला. इंडियन एअरलाइन्सनं १९७६मध्ये ते आणलं. तेव्हा लोक 'एअरबसनं आलो' म्हणायचे ते याच विमानाबद्दल. मग त्याचाच दहावा आराखडा, बी१०, ए ३१० झाला आणि दहा-दहाच्या पायऱ्या पडल्या. ३३० आणि ३४० यांचे नंबर म्हणे आधी उलटे ठरले होते, पण दोन इंजिनांच्या विमानाच्या नावात चार आणि चार इंजिनांच्या नावात तीन हे गिऱ्हाइकांना खटकेल म्हणून अदलाबदल केली. ए ३८०साठी ३६० आणि ३७० सोडून दिले, कारण एकावर एक दोन मजले म्हणजे आठच, शिवाय आशियातल्या गिऱ्हाइकांना आठ शुभ. ए २२० तर मुळात कॅनडाच्या बंबार्डिएरचं सी सीरिज, २०१८मध्ये दत्तक घेऊन नाव बदललेलं.

एअरबसच्या डॅशपुढे गिऱ्हाईक नसतं, तिथे इंजिन असतं. ए ३२०-२३१ वाचायचं असं: २ ही मालिका, ३ म्हणजे आयएई कंपनीचं इंजिन, १ म्हणजे त्याची पहिली आवृत्ती. मधला आकडा १ असेल तर सीएफएम, ४ असेल तर रोल्स-रॉइस. आत्ताच्या निओमध्ये, म्हणजे नव्या इंजिनांच्या ए ३२०मध्ये, २५१एन म्हणजे सीएफएम लीप आणि २७१एन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनी. इंडिगोकडे दोन्ही आहेत. कामाला ही पद्धत फार सोयीची, हे मी मान्य करते. पण तिच्यात एक गोष्ट हरवते. इंडियन एअरलाइन्सनं १९८९पासून जी ए ३२० घेतली, त्यांना मुख्य चाकांच्या प्रत्येक पायाला दोनाऐवजी चार चाकं होती. आपल्याकडच्या कमी ताकदीच्या धावपट्ट्यांवर भार वाटला जावा म्हणून खास मागवून घेतलेली! आमच्या गच्चीवरून ती चाकं मी कितीदा मोजली आहेत. जगात इतरत्र दिसली नसती अशी ती विमानं, आणि पट्टीवर मात्र कुणाच्याही विमानासारखं, ३२०-२३१.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. डग्लसचं डीसी म्हणजे 'डग्लस कमर्शियल', पुढे सरळ एक, दोन, तीन. त्यातलं तीन म्हणजे आपलं डकोटा. एटीआरचे ४२ आणि ७२ या साधारण खुर्च्यांच्या संख्या. मला सगळ्यांत आवडतं ते कॉन्व्हेअर ८८०. ते ताशी ६०० मैल जाईल असं ठरलं होतं, आणि ताशी सहाशे मैल म्हणजे सेकंदाला बरोबर ८८० फूट. गुणाकार करून बघा, जराही उरत नाही. नावातच वेग लिहिणारं असं विमान मला दुसरं माहीत नाही. विकली मात्र फारशी गेली नाहीत, ६५ बनली आणि थांबली.

आता पुन्हा सदतिसाकडे येते, कारण ते मनातून जात नाही. एअर इंडियाची लांब पल्ल्याची आठ विमानं होती, ७७७-२३७एलआर. त्यातली पाच एतिहादला विकली गेली. अबू धाबीला गेल्यावर रंग बदलला, शेपटीवरचं भारताचं व्हीटी जाऊन अमिरातीचं ए६ आलं, पण सदतीस त्यांच्याबरोबरच गेला. ७८७ला आणि ७३७ मॅक्सला अशी खूण बोइंगनं ठेवलेलीच नाही. तिथे नुसतं ७८७-८, मग घेणारा कुणीही असो. हिशेबाला ते सोपं पडत असणार, पण मला ते पटलेलं नाही.

२०२३मध्ये एका संध्याकाळी शेजारचा नववीतला मुलगा गच्चीवर मोबाइलमध्ये विमानं बघत होता. एअर इंडियाचं एक मोठं विमान डोक्यावरून गेलं. "काकू, हे ७७७-२००एलआर आहे ना? तुम्ही तर म्हणालात की त्यातली बरीच विकली."

"पूर्ण नंबर वाच," मी म्हटलं.

त्यानं स्क्रीन मोठा केला. "सात सात सात, डॅश, दोन तीन दोन."

"बत्तीस. म्हणजे अमेरिकेतल्या डेल्टासाठी बांधलेलं. आपली पाच गेली, आणि आता त्यांची जुनी भाड्यानं आणलीत."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं विचारलं, "मग आपली विकलेली सदतीसवाली कुठे शोधायची?" मी त्याला शोधायच्या चौकटीत एतिहाद टाइप करायला सांगितलं.