आधी पाणी पाहून घे

सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी सरांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या खेळाबद्दल लिही, पोरांना वाचायला आवडेल." लिहिते. पण माझा खेळ आणि माझं शिक्षण, दोन्हींची सुरुवात आपल्या शाळेच्या आठवीच्या वर्गात झाली. म्हणून एकाबद्दल लिहिताना दुसरं येणारच.

माझा खेळ कयाक स्लॅलम. बोट साडेतीन मीटर लांब, वरून बंद, एकाच माणसाची. कमरेभोवती स्प्रे स्कर्ट, म्हणजे बोटीत पाणी शिरू न देणारं आवरण, आवळून आत बसायचं, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं पॅडल. खळाळत्या पाण्यावर तारांना काठ्यांच्या जोड्या टांगलेल्या असतात, त्यांना गेट म्हणतात. एका शर्यतीत 18 ते 25 गेट. हिरवी-पांढरी असतील तर धारेबरोबर जायचं, लाल-पांढरी असतील तर वळून धारेच्या विरुद्ध चढायचं. काठीला हात, पॅडल, बोट काहीही लागलं तर 2 सेकंद वाढतात. गेट सुटलं तर 50. सगळी शर्यत साधारण दीड मिनिटाची. ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा 1972 च्या म्युनिक स्पर्धेत आला, मग वीस वर्षं गायब होता. 1992 च्या बार्सिलोनापासून तो कायम आहे. पॅरिसला 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सने कयाक आणि कनू (गुडघ्यांवर बसून, एकाच पात्याच्या पॅडलने चालवायची बोट) दोन्हींत सुवर्ण घेतलं, आणि तिच्या बहिणीने, नोएमीने, कयाक क्रॉसचं, म्हणजे अनेक कयाक एकदम सुटतात त्या शर्यतीचं. त्या दिवसांत हॉस्टेलमध्ये मी एका मैत्रिणीच्या फोनवर त्या शर्यती परत परत पाहिल्या.

या खेळातली एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडते. गेट एकदा लावले की शर्यतीआधी त्या मार्गावर सराव करता येत नाही. काठाने चालायचं, पाणी पाहायचं, कुठे वळायचं, कितव्या गेटला बोटीची मागची बाजू खाली दाबायची, ते डोक्यात बसवायचं. नमुन्यादाखल कुणी तरी उतरून दाखवतं, तेवढंच. आणि मग थेट शर्यत.

हे मला जड गेलं नाही, कारण आपल्या गणिताच्या सरांचा तोच नियम होता. फळ्यावर उदाहरण लिहिलं की म्हणायचे, "पेन खाली ठेवा." सगळ्यांनी नुसतं पाहत बसायचं. काय दिलंय, काय काढायचंय, कुठे अडेल. घाईने वही उघडणाऱ्याला ते बाहेर काढत नसत, त्याच्याजवळ जाऊन वही मिटून ठेवत. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. आज काठावर उभं राहून गेट मोजताना माझे हात तसेच रिकामे असतात.

घरी बाबांचंही तेच सांगणं. आम्ही ढिवर. वैनगंगेत डोंगा आणि जाळं यांवर घर चाललं. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की नदीचं रूप एका रात्रीत बदलतं, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशा पाण्यात बाबा डोंगा घालत नसत, पण काठावर मला घेऊन बसत. "धारेशी झगडू नोको. थांबलेलं पानी कोठी आहे ते पाय." मोठ्या दगडामागे, वळणाच्या आतल्या बाजूला पाणी उलटं फिरतं, तिथे डोंगा विसावतो. कयाकवाले त्याला एडी म्हणतात, आणि लाल गेट बहुधा तिथेच टांगलेलं असतं.

पी.टी.च्या सरांनी मला नदीत पोहताना पाहिलं आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीला नेलं. बाकीचा प्रवास थोडक्यात सांगते: आधी सपाट पाण्यावरची शर्यत, नंतर स्लॅलम, मग राज्याचा संघ. आपल्याकडे अडचण पाण्याची आहे. पावसाळा सरला की वैनगंगेला सरावापुरता वेग राहत नाही. म्हणून मध्य प्रदेशात महेश्वरला जावं लागतं. नर्मदेवर तिथे सहस्रधारा आहे. खडकांमधून नदी अनेक धारांनी उतरते. 2023 च्या सुरुवातीला खेलो इंडिया युवा स्पर्धेचं स्लॅलम तिथेच झालं. नागपूरहून इटारसी, खंडवा आणि पुढे बस. बोट रेल्वेच्या डब्यात मावत नाही, म्हणून तिथे मिळेल ती बोट घ्यायची आणि तिच्यात आपल्या मापाचा फोम कापून बसवायचा. कोलाडला कुंडलिकेत वीज प्रकल्पाचं पाणी सकाळी सुटतं, तेव्हा तिथेही जमतं, पण विदर्भातून कोलाड म्हणजे सगळा महाराष्ट्र आडवा ओलांडणं.

या सगळ्यात सिव्हिल इंजिनिअरिंग. कॉलेजात 75 टक्के हजेरी लागते आणि शिबिरं काही सुट्ट्या पाहून लागत नाहीत. एका सत्रात निवड चाचणी आणि लेखी परीक्षा एकाच आठवड्यात आली. मी चाचणीला गेले, तो विषय पुढच्या सत्रात दिला. गुणपत्रिकेवर ती नोंद राहिली. लोक हळहळले, मला हळहळ नाही. दुसऱ्या वर्षी उलट झालं. प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती, मी शर्यत सोडली आणि माझ्या जागी गेलेल्या मुलीने चांगली वेळ दिली. दोन्ही वेळा माय एवढंच म्हणाली, "तुले जे आता नाही तं कधीच नाही भेटनार, ते आधी कर." खेळ आधी की अभ्यास आधी, असा कायमचा निकाल कुणी मागितला तर तो देऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे. आठवड्यागणिक ठरवावं लागतं, आणि ठरवल्यावर त्या आठवड्यात मागे वळून पाहायचं नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेचा एक लांब पाट आहे, फ्ल्यूम. त्यात सरांनी हायड्रॉलिक जंप दाखवला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण ते पाणी मी अंगावर घेतलेलं होतं. अडथळ्यावरून पाणी पातळ थराने, जोरात उतरतं. फ्रूड नंबर, म्हणजे पाण्याचा वेग आणि त्यावरच्या लाटेचा वेग यांचं गुणोत्तर, एकाच्या वर असतो. खाली ते एकदम खोल आणि संथ होतं, नंबर एकाच्या खाली येतो, आणि या बदलात पाणी उसळून त्याचा वरचा थर उलटा, अडथळ्याकडेच फिरतो. आम्ही त्याला होल म्हणतो. दगडाखालच्या होलला बाजूने वाट असते, तिथून कयाक निसटते.

बंधाऱ्याखाली मात्र ती वाट नसते. सरळ भिंत, म्हणून उलटी धार एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग. पट्टीचा पोहणाराही पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. पाण्यात हवा मिसळलेली, त्यामुळे ते अंगाला नीट तोलून धरत नाही. वरून पाहिलं तर पाणी गुडघाभर, नुसतं फेसाळ. आपल्या नाल्यावरच्या बंधाऱ्यावर पोळ्याच्या सुमाराला पोरं उड्या मारतात. मीही मारल्या आहेत. त्या जागेचं गणित मला इंजिनिअरिंगला येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि आठवीच्या पोराला ते नक्की समजतं.

म्हणून महोत्सवाच्या निमित्ताने शाळेकडे माझं मागणं आहे. निधीतून काही लाइफ जॅकेट आणि दोन थ्रो बॅग घ्या. थ्रो बॅग म्हणजे पिशवीत भरलेला, बुडणाऱ्याकडे फेकायचा तरंगता दोर. विज्ञानाच्या तासाला पोरांना एकदा बंधाऱ्यावर न्या, सुरक्षित अंतरावर उभं करा, सुकलेलं पान धारेत सोडा आणि ते कुठे अडकून फिरत राहतं ते दाखवा. आणि स्पर्धेला गेलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास परत आल्यावर करून घेणारा एक तास वेळापत्रकात लावा. माझ्यासाठी इंग्रजीच्या बाईंनी तो शाळा सुटल्यावर, स्वतःची एसटी सोडून घेतला होता. प्रत्येक मुलाला अशा बाई मिळतीलच असं नाही.

मे महिन्यात मी गावात असते. तेव्हा नदीला धार नसते, शिकायला तेच चांगलं. आधी जॅकेट घालून पाठीवर तरंगणं, पाय पुढे ठेवून वाहत जाणं, मग दोर फेकणं. बोट नंतर. सातवीच्या पुढची पोरं आणि पोरी, दोन्ही पाठवा. सकाळी सहाला घाटावर, घरच्यांची संमतीची चिठ्ठी घेऊन.