गॅस कमी नव्हताच

गाडीचा एसी नीट गार करत नाही म्हटलं की समोरचा माणूस बोनेट उघडायच्या आधीच सांगतो, ‘गॅस भरावा लागेल.’ मी गेलो त्या गॅरेजमध्येही हेच. अरे, गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे का, जाळून संपायला? बंद नळ्यांमधून तोच गॅस फिरत राहतो. वर्षानुवर्षांत सांध्यांतून थोडा झिरपतो, ते वेगळं. पण एकदम कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने जाणार.

माझ्या गाडीचं लक्षण अगदी स्पष्ट होतं. रस्त्यावर धावताना हवा गार, सिग्नलला थांबलं की कोमट. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि पुन्हा गॅसवरच आला. मग मी गाडी घरी आणली.

ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर आधी बदलला. सोपं काम आहे, फक्त नवा बसवताना त्यावरचा बाण बघा. पण फिल्टर तुंबला की हवेचा जोर कमी होतो. माझ्याकडे जोर होता, गारवा नव्हता.

थांबल्यावरच कूलिंग जात असेल तर पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे एसीच्या गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर. पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढ्यात असतो तो. गाडी धावते तेव्हा वारा त्याला थंड करतो, उभी असते तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. एसी लावून पाहिलं, पंखा फिरत होता. समोरून पाइपने कंडेन्सर धुतला, चकचकीत झाला. फरक शून्य. इथे मी अडकलो, आणि बरेच दिवस अडकलो. पंखा ठीक, कंडेन्सर स्वच्छ, मग गॅसवालाच खरा की काय, असंही मनात येऊन गेलं आणि भयंकर राग आला.

शेवटी एक कागद घेतला. एसी चालू ठेवून जाळीसमोर धरला. पंखा हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. कडेला चिकटला, मधोमध खाली पडला! वरचं प्लास्टिकचं झाकण काढून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारला, तर आत धूळ, कापूस, किड्यांचे पंख यांची गोधडीच जमलेली. बारीक कचरा कंडेन्सरच्या पट्ट्यांमधून पार होतो आणि मागच्या रेडिएटरवर अडतो. समोरून कितीही बघा, दिसत नाही.

रेडिएटरचे वरचे दोन ब्रॅकेट सोडले, कुठलाही पाइप न काढता तो जरासा मागे कलवला, आणि मऊ ब्रशने ती गोधडी उचलली. मग वरून साध्या धारेचं पाणी. प्रेशर वॉशर नको, पट्ट्या वाकतात. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: इंजिन पूर्ण गार असू द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, कारण काही गाड्यांत पंखा किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होतो.

गाडीच्या आत एसीची हवा येते त्या जाळीत साधा थर्मामीटर खोचला होता. उभ्या गाडीत 19 अंश दाखवणारा काटा 9 वर आला. मी एकटाच गाडीत बसून हसत होतो.

घरी गॅस भरायचे डबे मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. एसीच्या नळ्यांत एक बाजू जास्त दाबाची, एक कमी दाबाची; त्यावरचं मीटर फक्त कमी दाबाची बाजू दाखवतं, आणि गॅस जास्त झाला तरी कूलिंग कमीच होतं. शिवाय गॅसही वेगवेगळा: जुन्या गाड्यांत आर-134ए, अनेक नव्यांत आर-1234वायएफ. बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, एकात दुसरा चालत नाही. नळीच्या सांध्यावर तेलकट डाग दिसला तर मात्र गॅरेजलाच जा. तिथे आधी गळती शोधायला लावा, मगच गॅस भरू द्या.